रिपोर्ट सगळे नॉर्मल

मला दिवस गेले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. त्या सगळ्यांत मीही असणार असं धरूनच सगळं चाललं होतं. मला वेगळं कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून हरकत घेतली नाही.

आमचं घर परळला. चाळ पाडून तिच्या जागी उभी राहिलेली इमारत, चौदावा मजला. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी मम्मी म्हणते, कारण नवरा म्हणतो. मम्मी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या. आता निवृत्त आहेत, पण ते हॉस्पिटलपुरतं. घरात त्यांची ड्युटी चालूच आहे. आमच्याकडे नवस, अंगारा, दृष्ट काढणं असलं काही चालत नाही. आधीच्या पिढीने ते सगळं सोडलं आणि शिक्षण धरलं, याचा घरात अभिमान आहे, आणि तो असावाच. त्यामुळे आमच्याकडे कुणाला काही झालं की बीपीचं मशीन बाहेर निघतं. आकडा बरोबर आला की माणूस बरा.

माझे आकडे फार चांगले होते. बीपी चांगलं, साखर चांगली, हिमोग्लोबिन तर मम्मी शेजारणींना सांगायच्या इतकं चांगलं. फक्त पाचव्या महिन्यापासून मला रडू यायला लागलं. त्याचा आकडा निघत नाही.

मी दादरला बँकेत आहे. दारातून आत आलं की समोर 'मे आय हेल्प यू' अशी पाटी लावलेलं टेबल दिसतं, त्यामागे मी बसते. एका सकाळी एका पेन्शनवाल्या काकांना कुठे सही करायची ते दाखवता दाखवता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकांना वाटलं, आपला फॉर्म चुकला म्हणून मॅडम रडतायत. ते म्हणाले, "असू दे हो, मी उद्या येतो." त्या सगळ्या महिन्यांत माझ्या रडण्यावर मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला होता.

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं की रडू येतं, झोप लागत नाही, कशातच जीव लागत नाही. त्या सोनोग्राफीचा कागद बघत म्हणाल्या, हार्मोन्स. आणि बाळ छान आहे म्हणाल्या. म्हणजे आत जे होतं ते छान होतं आणि त्याच्या भोवती जे होतं त्याला हार्मोन्स म्हणत होते. घरी येऊन नवऱ्याने मम्मींना हार्मोन्स सांगितलं, मम्मींनी माझ्या आईला फोनवर हार्मोन्स सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी काहीही बोलले तरी माझ्याऐवजी हार्मोन्स बोलतायत असं समजून सगळे प्रेमाने दुर्लक्ष करू लागले.

नवऱ्याने फोनवर एक ॲप घेतलं होतं. बाळ आज केवढं झालं ते त्यात फळा-भाजीच्या मापाने कळतं. रोज सकाळी तो चहा घेऊन यायचा आणि सांगायचा, आज लिंबाएवढं, आज वांग्याएवढं. माणूस चांगला आहे. चहासुद्धा चांगला करतो. पण पहिल्यांदाच बाप होणाऱ्या माणसाला सकाळी सकाळी 'मला उठून बसायचीसुद्धा इच्छा नाही' असं सांगायचं, तर त्याच्या हातात ते वांगं असायचं. मी म्हणायचे, अरे वा.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. डेकोरेटर मोकळा कधी आहे ते बघतात. हॉलमध्ये प्लास्टिकच्या फुलांचा झोपाळा आला, माझ्या खांद्यावरून 'मॉम टू बी' लिहिलेला सॅटिनचा पट्टा आला, विहारातल्या बायका आल्या, बँकेतल्या आल्या. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, हात पोटावर, नजर खाली, आणि आतल्या आत हसा. आतल्या आत काय चाललंय ते त्याला सांगितलं असतं तर त्याने लेन्स बदलली असती. मी हसले. त्यातला एक फोटो मोठा करून आम्ही हॉलमध्ये लावला. अजून आहे. येणारे-जाणारे म्हणतात, चेहऱ्यावर काय तेज आलं होतं गं. लाइट होता तो. मागे एक माणूस धरून उभा होता.

मुलगी झाली. नर्सने पुसून, गुंडाळून माझ्या कुशीत ठेवली आणि आजूबाजूचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मीही वाट बघत होते. ऐकलं होतं की त्या क्षणी काहीतरी उसळून येतं. मला वाटलं ते एवढंच, की कुणीतरी जरा धरा हं म्हणून आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि परत यायला विसरलं. पिशवी नाजूक होती म्हणून मी नीट धरली. लोक म्हणाले, बघा, आईपण शिकवावं लागत नाही.

बाळंतपणानंतर मी माहेरी गेले, शिवडीला. वडील गोदीत होते. ते गेल्यापासून आई त्याच दोन खोल्यांत एकटी राहते. माझ्या आईएवढी आनंदी बाई त्या दिवसांत अख्ख्या शिवडीत नसेल. पहाटे उठून डिंकाचे लाडू, शेपू, हळिवाची खीर. मुलीला न्हाऊ घालायची, पाय ताणायची, गाणी म्हणायची, मला आडवी करून अंगाला तेल लावायची. मी नुसती पडलेली असायचे. मुलगी रडली की छातीशी घ्यायची, झोपली की भिंतीकडे बघायचं. बायका बघायला यायच्या, नाक बापाचं की आजीचं यावर चर्चा व्हायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, तुझं कसं चाललंय? मी तोंड उघडायच्या आत आई सांगायची, "जरा अशक्तपणा आहे, बाकी मजेत." आईच्या घरात मला एकही शब्द बोलावा लागला नाही. माहेरचं सुख म्हणतात ते हेच असावं.

आईला सांगावं असं कितीदा मनात आलं. पण तिच्याकडे बघितलं की जमायचं नाही. इतकी वर्षं राबून या बाईला एकदाचं नातवंड मिळालंय, ती दिवसभर गाणी म्हणतेय, आणि तिला जाऊन सांगायचं की या मुलीला बघून मला काहीच वाटत नाही? मुलीला घेऊन गॅलरीत उभं राहायचीसुद्धा मला भीती वाटायला लागली होती. कसली भीती, ते मी स्वतःशीही पुरतं बोलत नव्हते. आईने एकदा विचारलं, उन्हात का नेत नाहीस तिला? मी म्हटलं, धूळ आहे. शिवडीत हे कारण कुणीही मान्य करतं.

एका दुपारी डायपर संपले. आई म्हणाली, मी आणते. मी म्हटलं, मीच जाते, पाय मोकळे होतील. ती केवढी खूश झाली. पोरगी बाहेर जाते म्हणाली, म्हणजे अशक्तपणा गेला.

मेडिकलचं दुकान आलं आणि मी थांबलेच नाही. ठरवून नाही, पायांनी थांबायचं ते थांबले नाहीत. गोदामं, उभे ट्रक, कोळशाच्या रंगाचा रस्ता असं करत मी जेट्टीवर पोचले. थंडीचे दिवस होते, म्हणजे तिथे फ्लेमिंगोंचा सीझन. चिखलात लांबवर गुलाबी पट्टा पसरलेला आणि कठड्याशी गाड्या करून आलेली माणसं, गळ्यात हातभर लांब लेन्स. मी लहानपणी ज्या चिखलाच्या वासाने नाक धरून पळायचे, त्या चिखलासमोर लोक दीर्घ श्वास घेत उभे होते. टोपी घातलेल्या एका बाईंनी मला एकटी बघून आपली दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कुठे बघायचं ते दाखवलं. मी बघितलं. गुलाबी होते. मी म्हटलं, छान आहेत. दुर्बीण परत दिली आणि कठड्याला टेकून उभी राहिले.

किती वेळ गेला माहीत नाही. बरं वाटत होतं, आणि हेच मला नंतर आठवून घाबरवतं. मनात एक साधा, शहाणा विचार आला होता: मी परत गेले नाही तर सगळ्यांचं नीट चालेल. आई आहे, मम्मी आहेत, नवरा चांगला आहे, पोरीला काही कमी पडणार नाही. रडू नाही, काही नाही. बँकेत एखादी फाईल दुसऱ्या टेबलाकडे सरकवावी तसा तो विचार मी करत होते.

तेवढ्यात कुर्ता छातीवर ओला झाला. दूध आलं होतं. मुलीची भुकेची वेळ झाली होती, आणि तिची आठवण मला नाही, माझ्या कुर्त्याला झाली होती. मी ओढणी घट्ट ओढून घेतली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मघाशी आपण काय विचार करत होतो त्याची.

फोन बघितला. आईचे मिस्ड कॉल येऊन पडले होते. मी मम्मींना फोन लावला.

लोकांना हे अजून कळत नाही. माझ्या आईला तर अजिबातच कळलेलं नाही. मम्मी आणि मी काही मायलेकींसारख्या नाही. त्या मला पोळ्या जाड करतेस म्हणतात आणि मी त्यांना काहीच म्हणत नाही. पण आईला सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि मग तिला मीच समजावत बसले असते. मम्मी रडणार नाहीत याची मला खात्री होती. बास, एवढंच कारण.

त्या म्हणाल्या, "बोल."

मी म्हटलं, "मम्मी, मी जेट्टीवर आहे. मला घरी जावंसं वाटत नाहीये. कुठेच जावंसं वाटत नाहीये. मी नसलेलीच बरी, असं वाटतंय."

पलीकडून आवाज आला. वॉर्डातला असणार तो आवाज, घरात मी कधी ऐकला नव्हता. "आजूबाजूला माणसं आहेत?"

"आहेत. पक्षी बघतायत."

"त्यांच्यातच उभी राहा. कठड्यापासून मागे हो. फोन चालू ठेव, मी निघाले."

खाली जाऊन दूध आणायचं तरी इस्त्रीची साडी नेसणारी बाई त्या दिवशी टॅक्सीतून घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून उतरली. पायात बाथरूमच्या स्लिपर. माझ्याजवळ आल्या, माझं मनगट धरलं. मला वाटलं, मायेने धरलं. तर त्या नाडी बघत होत्या. घड्याळ घालायचं राहिलं होतं म्हणून टोपीवाल्या बाईंच्या घड्याळाकडे बघून त्यांनी मोजली.

"नाडी नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. मग मनगट न सोडताच माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला वाटतं, नॉर्मल हा शब्द पुरत नाही असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

टॅक्सीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात अशा बायका असायच्या. पोर घ्यायच्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आम्ही म्हणायचो, नाटकं करते." आईचं घर येईपर्यंत माझं मनगट त्यांच्या हातातच होतं.

घरी आईचा जीव टांगणीला लागलेला. मम्मींनी तिला सांगितलं की हिचा मला फोन आला होता, चक्कर आली होती, थायरॉईड असणार, उद्या दाखवते. मी मुलीला पाजायला घेतली. थायरॉईड हा शब्द ऐकून आईचा चेहरा सैल झाला. त्याला गोळी असते ना, ती म्हणाली. मम्मी म्हणाल्या, असते.

दुसऱ्या दिवशी मम्मींनी मला मुद्दाम त्यांचं हॉस्पिटल सोडून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलो तर शेजारी त्यांच्याच वॉर्डात कितीतरी वर्षं बरोबर काम केलेल्या सिस्टर, सोबत त्यांचा मुलगा. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मम्मी म्हणाल्या, सुनेला स्किनला दाखवायचंय. त्या म्हणाल्या, आम्हीपण स्किनलाच. स्किनची ओपीडी वेगळ्या इमारतीत आहे हे दोघींना पाठ होतं. मग दोघींनी निवृत्तीनंतर वजन कसं वाढतं यावर मनापासून गप्पा मारल्या.

आत डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. तिने मम्मींना बाहेर थांबायला सांगितलं आणि मम्मी थांबल्या, हेच मला आधी खरं वाटेना. मग तिने मला विचारलं की स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार मनात येतात का. खोकल्याबरोबर कफ येतो का असं विचारावं, तितक्या साध्या आवाजात. इतके महिने जे मी स्वतःशी बोलत नव्हते ते तिच्या यादीतला नेहमीचा प्रश्न होता. म्हणजे माझ्याआधी या खुर्चीवर बसून कुणीतरी हो म्हटलेलं होतं. मी हो म्हटलं आणि मग बराच वेळ बोलत राहिले. ती म्हणाली, हा आजार आहे, बाळंतपणानंतरचा नाही, पोटात बाळ असल्यापासूनचा आहे, आणि तो बरा होतो. मी विचारलं, हार्मोन्स? ती म्हणाली, तेही असतील, पण म्हणून सोडून द्यायचं नसतं.

गोळ्या सुरू झाल्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशा, दर आठवड्याला येऊन दाखवायचं, मला एकटी ठेवायचं नाही. नवऱ्याला बोलावून समजावलं. त्याचा पहिला प्रश्न होता, माझं काही चुकलं का? डॉक्टरने त्याला त्यावर फार वेळ न देता सांगितलं की हिला सलग झोप हवी, रात्रीचं बाळ तुम्ही बघायचं. तो बघू लागला. खरंच बघू लागला. आमच्या इमारतीत त्याचं इतकं कौतुक झालं की लिफ्टमध्ये बायका त्याला खायला द्यायच्या. मी आजारी पडले आणि तो महान झाला.

मी परळला परत आले होते. इमारतीत मम्मींनी थायरॉईडच सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी थायरॉईडवर धण्याचं पाणी सांगितलं, एवढंच नाही तर रोज स्वतः उकळून आणून द्यायला लागल्या आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. खोटं उघड होऊ नये म्हणून मी ते प्यायले. मला जे झालं होतं त्यावर उपचार दोनच: डॉक्टरच्या गोळ्या आणि काकूंचे धणे. मी बरी झाले त्याचं श्रेय काकू आजही धण्यांना देतात.

बरं होणं काही फार देखणं नव्हतं. एक दिवस उठले आणि सूर्य उगवला, असलं काही नाही. एक दिवस नवऱ्याने ओला टॉवेल गादीवर टाकला आणि मला राग आला. चांगला कडकडून आला. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं, म्हणून मी तिथेच बसून हसत सुटले आणि तो घाबरून मम्मींना बोलवायला गेला. पुढे केव्हातरी मी मुलीची नखं कापत होते, ती सारखी हात ओढून घेत होती, आणि मी म्हटलं, थांब की गं बाई, किती घाई तुला. म्हटल्यावर लक्षात आलं की हे मी ओळखीच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलले. इतके दिवस मी तिच्याशी बँकेतल्यासारखं वागत होते. नम्र, वेळेवर, काउंटरच्या अलीकडून.

आईला खरं सांगायला मला मुलगी चालायला लागेपर्यंत वेळ लागला. शिवडीला गेले होते. आई गॅलरीत बसून बोंबील साफ करत होती. मी सगळं सांगितलं. जेट्टी, फोन, ओपीडी. तिने हातातला बोंबील पुरा केला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "तिला आधी सांगितलंस."

मला वाटलं होतं ती आजाराबद्दल विचारेल. मी म्हटलं, तू रडली असतीस गं आई.

"रडले असते," ती म्हणाली. "मग? रडून झाल्यावर उठले असते ना."

त्या दिवसापासून आई मम्मींशी फार आदराने वागते. त्या आल्या की चांगल्या कपात चहा देते, ताटात पहिला तुकडा त्यांना वाढते आणि त्यांच्याशी एक वाक्य जास्त बोलत नाही. मम्मींना वाटतं, विहीणबाई स्वभावाने मितभाषी आहेत.

मुलगी आता ज्युनिअर केजीत आहे. गोळ्या डॉक्टरने हळूहळू कमी करत बंद केल्या. अधूनमधून दिवस जड जातो, तो ओळखता येतो. इमारतीतल्या बायका आता दुसऱ्याचं विचारतात. मम्मी म्हणतात, तिचा थायरॉईड. काकू म्हणतात, धणे परत सुरू करूया.

आई रोज फोन करते. जेवलीस का, पोरगी जेवली का. मी रोज सांगते, सगळं बरं आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा मी सांगितलं, "आई, आज बरं नाही वाटत. तसंच, तेव्हासारखं थोडं." फोनवर ती रडायला लागली. मी समजावलं नाही. नुसता फोन कानाला धरून बसले. रडणं झालं, नाक ओढलं, आणि फोन कट झाला.

तासाभराने दारात उभी. हातात सोलकढीची बाटली, डब्यातून कालवणाचा वास, साडीची कड भिजलेली. आत येता येता म्हणाली की तुमची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, कुणी चढत नाही, उतरत नाही, मेली नुसती थांबते. मम्मींनी उठून तिला टॉवेल दिला. आईने तो घेतला, आदराने.